तोडीस तोड

निळू फुले पडद्यावर आले की आपल्याकडच्या बायका बोटं मोडायच्या. डॉ. श्रीराम लागू आले की पदर सावरून ऐकत बसायच्या. एक बेरका पुढारी, दुसरे 'नटसम्राट'! ही दोघं समोरासमोर उभी ठाकली की काय होतं, हे बघायचं असेल तर मैत्रिणींनो, 'सामना' बघायलाच हवा. विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि निर्माते कवी रामदास फुटाणे. १९७५ साली हा मराठी चित्रपट थेट बर्लिनच्या महोत्सवात जाऊन पोचला.

इंग्रजी काऊबॉय चित्रपटात एक परका माणूस गावात येतो आणि तिथल्या दांडग्याशी त्याची गाठ पडते. 'सामना'चा सांगाडाही तोच. फक्त इथे घोडे नि पिस्तुलं नाहीत, साखर कारखाना आणि त्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील आहे. दारूत बुडालेला एक जुना गांधीवादी मास्तर त्याच्या गावात येतो. हिंदूराव त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. मग मास्तरांच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. हा माणूस गेला कुठे, एवढंच ते विचारत राहतात. त्या एका प्रश्नानं हिंदूरावाची झोप उडते.

जोडी जमली ती दोघं वरचढ होती म्हणून नव्हे, एकमेकांना जागा देत होती म्हणून. फुले आवाज चढवत नाहीत. हळू बोलतात तेव्हाच जास्त धाक वाटतो. लागूंचा मास्तर थरथरतो, तोल जातो, पण प्रश्न सोडत नाही. हिंदूराव निव्वळ काळा नाही, मास्तर निव्वळ पांढरा नाही. म्हणून तराजू शेवटपर्यंत हलत राहतो. शेवट काय, ते मी सांगणार नाही!

गंमत म्हणजे लागू पेशानं कान-नाक-घशाचे सर्जन, तर निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, सेवादलात घडलेले. पुढे ही दोघं पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठीच्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामातही एकत्र होती. त्यासाठी नामवंत कलाकारांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. पडद्यावरचे वैरी, कामात मात्र खांद्याला खांदा.

आमच्या मुळशीत पौडजवळच्या एका बचत गटात आम्ही हा चित्रपट लावला. संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "वाईट न्हवता गं त्यो. गावाला कामं दिली त्यानं." त्यांच्या सुनेच्या वयाची एक पटकन बोलली, "म्हणून इचारायचंच न्हाई का?" सगळ्या गप्प झाल्या.

कारण हा प्रश्न आमच्या दारातलाच आहे. धरणाखाली जमिनी जाताना इथे शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रह झाला. आता जमिनी जातात त्या गोडीगुलाबीनं. कुणीतरी हॉस्पिटलची सोय करून देतं, लग्नाला मदत करतं. मग एक दिवस गाडी येते आणि "ताई, इथं सही करा" म्हणतात. उपकाराच्या ओझ्याखाली विचारायचं कसं? आणि बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, ही तर रीतच पडलेली. हिंदूराव दर वेळी दांडगाईनंच वागतो असं नाही. बऱ्याचदा तो जेवायला वाढतो.

त्या दिवशी चहा होईपर्यंत गटातल्या बायकांनी आपणहून ठरवलं, की कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो गटात मोठ्यानं वाचून घ्यायचा. परगावचा मास्तर येईल म्हणून वाट बघायची नाही.

'सामना' जरूर बघा. एकटीनं नको, चारजणी मिळून बघा. निळूभाऊंना शिव्या द्या, लागूंना दाद द्या. आणि चित्रपट संपला की लगेच उठू नका. आपल्या गावात कुठला प्रश्न कुणी विचारत नाही, एवढं एकमेकींना विचारा.