अभयारण्य कोणाचे, अभय कोणाला?

‘अभयारण्य’ या शब्दातच अभय आहे. पण पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या आदिवासी बाईला विचारा. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरताना तिला बिबट्यापेक्षा वनरक्षकाची भीती अधिक वाटते. वन्यजीव वाचले पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्याची किंमत कोण मोजतो आणि सवलत कोणाला मिळते?

वसई तालुक्यातील तुंगारेश्वर 2003 मध्ये अभयारण्य घोषित झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारे हे जंगल बिबट्याच्या येण्याजाण्यासाठी टिकलेच पाहिजे. पण जिल्ह्यातल्या जंगलांत वारली, कातकरी, मल्हार कोळी पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्क मान्य केले, तेही अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्याने धरून. वन्यजीवांसाठी एखादे क्षेत्र रिकामे करायचे असेल तर ग्रामसभेची संमती हवी, असे हाच कायदा सांगतो.

प्रत्यक्षात काय घडते? जानेवारी 2019 मध्ये ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यातून बुलेट ट्रेन नेण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात, 13 फेब्रुवारीला, काही वन्यजीवप्रेमी संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभरातले दहा लाखांहून अधिक दावे त्या टांगत्या तलवारीखाली आले. देशभर संताप उसळल्यावर 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. गाडीसाठी वाट मोकळी आणि माणसासाठी वाट बंद! डिसेंबर 2022 मध्ये त्याच गाडीसाठी मुंबई, ठाणे व पालघरमधील सुमारे 20 हजार खारफुटीची झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने परवानगी दिली.

आता डोंगर उतरून बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावर येऊ. समुद्री कासव आणि व्हेल शार्क यांना कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. ते जाळ्यात अडकले तर मच्छीमाराने जाळे कापून त्यांना सोडायचे, आणि शासनाने जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, अशी योजना राज्यात डिसेंबर 2018 पासून आहे. ही योजना आम्हांला आवडते. इथे मच्छीमाराला गुन्हेगार न मानता रक्षक मानले आहे, आणि त्याच्या नुकसानीचा हिशेब ठेवला आहे.

पण ज्या पाण्यात तो कासव सोडतो, त्या पाण्याचे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागायला कोण गेले? मांगेला समाजाची परिषद, म्हणजे मच्छीमारच. समुद्राचा खरा पहारेकरी कोण, हे यावरून कळावे.

तारापूरच्या उत्तरेला डहाणू तालुका. 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदर नाकारले. धर्माधिकारी 2019 मध्ये गेले. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला होकार दिला. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणीही झाली. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात 1448 हेक्टर भराव, आणि किनाऱ्यावर वर्षानुवर्षे विरोध करणारे मच्छीमार! त्यांच्या नकाराला किती किंमत मिळाली?

संविधानाचे कलम 48-क राज्याला वने आणि वन्यजीव राखण्यास सांगते. कलम 14 कायद्यापुढे सर्वांना समान ठरवते. ही दोन्ही कलमे एकाच संविधानात आहेत. शासनाने पहिले आदिवासींना ऐकवायचे आणि दुसरे विसरायचे, हे चालणार नाही.

आमची मागणी साधी आहे. वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढा. अभयारण्याच्या कारभारात ग्रामसभेला आणि समुद्राच्या कारभारात मच्छीमारांच्या संस्थांना निर्णयाचा अधिकार द्या. मोळीला जो नियम लावता, तोच बंदराला लावा. जंगल राखणाऱ्यालाच जिथे भय वाटते, तिथे बिबट्यालाही अभय फार दिवस मिळणार नाही.