मशीनखाली पाणी येते, पण कधी?

आमच्या मागच्या पडवीत वॉशिंग मशीन आहे. पुढून दार असलेले. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्याखाली पाणी दिसू लागले. रोज नाही, मधूनच. मी दुपारी शाळेतून घरी यावे तर फरशीवर ओघळ आलेला.

माझ्या सासूबाई, आमच्या अत्ती, बैलहोंगलच्या. माहेरचे कन्नड, सासरचे मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. आपले इलकल लुगडे त्या मशीनला शिवू देत नाहीत, बादलीत भिजवून हाताने धुतात. त्यामुळे मी कुणाला न विचारताच ठरवून टाकले की हे पाणी त्यांच्याच बादलीचे. "अत्ती, जरा बेतानं ओता ना," असे दोन-तीनदा म्हटलेही. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे मी यायच्या आत फरशी पुसलेली असायची. मग त्यांनी पडवीत धुणेच सोडले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुमडून मोरीत बसू लागल्या.

पाणी मात्र येतच राहिले. एक दिवस त्याच फरशीवर त्यांचा पाय सरकला. मशीनला धरले म्हणून वाचल्या. आणि मशीनचा प्लग भिंतीत तसाच खोचलेला! ते आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मेकॅनिकला बोलावले. त्याने दार उघडले, आतल्या रबराला बोट लावले आणि "रबर गेलंय" म्हणून निकाल दिला. नवे रबर बसले, पैसे गेले. चार दिवसांनी पाणी पुन्हा हजर.

हुबळीला माझे धाकटे दीर असतात, त्यांना यंत्रांची आवड. फोनवर म्हणाले, "वहिनी, पाणी कुठून येतंय ते मागनं बघू. आधी कधी येतंय ते सांगा." मला सांगता येईना. दोन महिने मी पाणी पुसले होते, बघितले कधी नव्हते.

त्यांनी सांगितले ते असे. मशीन पाणी भरून घेताना गळत असेल तर नळाची जोडणी, मागची पाइप किंवा साबणाचा खण बघावा. खणात पावडरीचा थर बसला की पाणी पुढून ओघळते. कपडे घुसळताना गळत असेल तर दाराचे रबर किंवा फेस. पुढच्या दाराच्या मशीनला कमी फेसाची पावडर लागते, आणि आपल्याला तर फेस आल्याशिवाय कपडा निघाल्यासारखा वाटत नाही! रबराच्या घडीत पिन अडकली तर ते चिरते. पाणी सोडताना गळत असेल तर सांडपाण्याची पाइप किंवा खालचा पंप. वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये खालून उंदीर शिरतात आणि नेमकी हीच पाइप कुरतडतात. कधी मशीनचा दोष नसतोच. मोरी तुंबलेली असते आणि सोडलेले पाणी उलटून फरशीवर येते. मशीनखाली गंजाचे किंवा तेलकट डाग दिसले आणि टब फिरताना घरघर येऊ लागली, तर मात्र आपण हात घालू नये. ते काम जाणत्याचे.

मी प्लग काढला, फरशी कोरडी केली आणि मशीनच्या खाली, मागे जुने पेपर अंथरले. (या साप्ताहिकाचे जुने अंकही त्यात होते, संपादकांनी क्षमा करावी.) कागद कुठे आधी भिजतो, त्यावरून गळतीची जागा कळते. खाली पुढच्या बाजूला पंपाची जाळी असते, तीही परातीत पाणी काढून साफ केली. दोन रुपयांचे नाणे, यू-पिन आणि धाकट्याच्या शर्टाचे बटण निघाले. मग प्लग लावून कपडे धुतले. भरताना, घुसळताना, पिळताना समोर बसून राहिले. कागद कोरडे ठणठणीत!

अत्ती दारात उभ्या राहून हे सगळे बघत होत्या. म्हणाल्या, "आज कसं येईल? आज नळाला पाणी कुठाय? ते 'नीर बंदाव' म्हणून गल्लीत ओरडतात ना, त्या दिवशी येतंय."

बेळगावात २००८ साली काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले, त्यात आमची गल्ली नव्हती. आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येते, तेही मी शाळेत असताना. मशीनचा नळ थेट त्या लाइनवर आहे. वर टाकीचीही जोडणी आहे, पण टाकी जेमतेम डोक्यावर, तिचा दाब तो किती! लाइनचे पाणी मात्र जोरात येते. नळ मी कधी बंदच करत नसे, त्यामुळे मशीन बंद असले तरी सगळा दाब मागच्या पाइपवर.

"अत्ती, मग सांगितलं का नाही?"

"तू कुठं विचारलीस?"

यावर मला उत्तर नव्हते.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी रजा काढली. हाक आली, आणि पाच मिनिटांत मागचा कागद भिजू लागला. नळाजवळच्या टोकाला पाइप बारीक तडकली होती, आतला वायसर दगडासारखा कडक. नवी पाइप वायसरसकट साडेतीनशेला मिळाली. ती हातानेच घट्ट आवळायची, पक्कड लावून जोर केला तर आटे जातात. बसवण्याआधी मशीनच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढून बघितली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि वाळू. ब्रशने घासली.

त्या रात्री जेवताना मी अत्तींची माफी मागितली. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला.

आता धुणे झाले की नळ त्याच बंद करतात. मी विसरून प्लग काढायला गेले की मोरीतून नव्हे, पडवीतून आवाज येतो, "स्वल्प तडी, आधी नळ!" जुनी पाइप मी टाकणार होते. त्यांनी तडकलेले टोक कापले आणि तुळशीला पाणी घालायला ठेवून दिली.