रस्ता नसला की नेमका कोणाचा धंदा बसतो?

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "पायाभूत सुविधांच्या अभावामुळे या भागात उद्योगधंदे वाढले नाहीत." वाक्य खोटं नाही. पण मुलाखतीत कुणी विचारलं, "अभावामुळे म्हणजे कसं?" की गाडी अडते. एका टोकाला रस्ता नाही, दुसऱ्या टोकाला धंदा नाही. या दोन टोकांच्या मधे काय घडतं हे सांगता आलं, तर त्याला संशोधनाचा प्रश्न म्हणता येईल. आज तो मधला भाग उलगडून बघू. उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ: गडचिरोली.

आधी थोडी पार्श्वभूमी

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली. 1980च्या सुमारास नक्षलवादी गट इथे आले, आणि तेव्हापासून जिल्ह्याच्या नावाला 'अशांत' हे विशेषण चिकटलं. रेल्वे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वडशाला येते. तिथून गडचिरोली शहरापर्यंतचा जेमतेम 50 किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन दशक उलटून गेलं. दुसऱ्या टोकाला भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो. दुर्गम गावांना पावसाळ्याआधीच पुढच्या काही महिन्यांचं रेशन पोचवण्याची सरकारी पद्धत इथे आहे. म्हणजे गाव तुटणार हे शासनाने गृहीतच धरलेलं आहे.

आता या परिस्थितीत धंदा कसा चालतो ते पाहू.

पहिली साखळी: खेळतं भांडवल अडकतं

"दुर्गम भागातले दुकानदार लुटतात" हे आपण नेहमी ऐकतो. एक काल्पनिक हिशोब करून बघा. दोन किराणा दुकानदार आहेत, दोघांकडे एक-एक लाख रुपये. पहिला महामार्गावरच्या गावात. तो दर पंधरा दिवसांनी माल भरतो, दोन महिन्यांत पैसा चारदा फिरवतो. दर फेरीला 5 टक्के सुटले तरी त्याच्या हाती 20 हजार येतात. दुसऱ्याचं गाव पावसाळ्यात तुटतं. त्याला दोन महिन्यांचा माल एकदम भरून ठेवावा लागतो. पैसा एकदाच फिरतो. 5 टक्क्यांनी त्याला 5 हजारच मिळतील. पहिल्याइतकं कमवायचं तर त्याला 20 टक्के नफा लावावा लागेल. साखरेला पाणी सुटलं, तांदळाला कीड लागली, तो तोटा वेगळाच.

इथे ट्रकचं भाडं मी मोजलेलंच नाही. रस्त्याचा विचार करताना आपण फक्त वाहतूक खर्च धरतो, पण इथला मोठा फटका पैसा अडकण्याचा आहे. ज्याच्याकडे अडकवायला पैसाच नाही, तो दुकान उघडतच नाही. मग गावात एकच दुकान उरतं आणि भाव तोच ठरवतो.

दुसरी साखळी: गिऱ्हाईक कमी येतात

तेंदूपत्त्याचं बघा. हंगाम उन्हाळ्यातला, मोजक्या आठवड्यांचा. पानं तोडायची, पुडे बांधायचे, उन्हात वाळवायचे, आणि पाऊस यायच्या आत माल गोदामात पोचवायचा. पुडे भिजले की माल गेला. 2009 मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा गावांपैकी ते एक. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करू लागल्या. मालकीचा प्रश्न कायद्याने बराच सोडवला.

भाव मात्र लिलावाला किती ठेकेदार येतात यावर ठरतो. ठेकेदार विचार करतो: ट्रक आतपर्यंत जाईल का? वळवाच्या पावसात अडकला तर? फोन लागेल का? पैसे वाटायला जवळ बँक आहे का? प्रत्येक शंकेमागे तो बोलीतून काही रुपये कापतो, किंवा येतच नाही. सहा ठेकेदारांच्या जागी दोघंच आले, तर त्यांना आपापसात ठरवायला कितीसा वेळ लागणार?

तिसरी साखळी: कारण कोणतं, परिणाम कोणता?

इथे संशोधकाची खरी परीक्षा आहे. रस्ता नाही म्हणून हिंसा टिकते, की हिंसा आहे म्हणून रस्ता होत नाही? गडचिरोलीत दोन्ही घडतं. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूर इथे रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली गेली. त्याच दिवशी जांभूळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. अशा घटनांनंतर रस्त्याच्या निविदा कोण भरणार? भरली तरी जोखमीचे पैसे लावूनच. काम लांबतं, आणि लांबलेलं काम पुन्हा 'दुर्लक्ष' म्हणून दिसतं.

त्यामुळे 'रस्ता असलेली गावं' आणि 'नसलेली गावं' यांची सरळ तुलना केलीत तर फसाल. रस्ता मिळालेलं गाव आधीपासूनच बाजाराजवळचं, शांत किंवा राजकीय वजन असलेलं असू शकतं. अर्थशास्त्रात याला एंडोजेनिटी म्हणतात. सोप्या भाषेत, ज्याला आपण कारण समजतो तेच आधीच्या परिस्थितीतून आलेलं असतं.

मग वाट कशी काढतात?

सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांचा 2020 चा 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मधला शोधनिबंध जरूर वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत लोकसंख्येचे उंबरठे होते: आधी 1000 वरची गावं, मग 500 वरची. 490 लोकांचं गाव आणि 510 लोकांचं गाव यांत तसा काय फरक? पण एकाला रस्ता मिळण्याची शक्यता दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त. हा फरक वापरून त्यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या गावांची तुलना केली. या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात.

निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. रस्ता आल्यावर लोक शेती सोडून बाहेरच्या कामांकडे वळले, पण गावातली शेती, उत्पन्न आणि मालमत्ता यांत मोठा बदल दिसला नाही. म्हणजे रस्त्याने माणसं बाहेर नेली, गावात धंदा आपोआप आणला नाही.

हा निष्कर्ष उचलून गडचिरोलीवर चिकटवू नका, बरं का. उंबरठ्याजवळच्या गावांबद्दलचं उत्तर शे-दीडशे वस्तीच्या, नदीपलीकडच्या पाड्याला लागू पडेलच असं नाही. तिथे रस्त्याआधी पूल लागतो.

मला दिसणारा मुद्दा

याच जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखाणीचं काम जोरात आहे. तिथून हेडरी ते कोनसरी खनिज वाहून नेण्यासाठी पाइपलाइन टाकली गेली. मोठा उद्योग स्वतःची वाट स्वतः काढू शकतो, संरक्षणही मिळवतो. दुसरीकडे अवजड वाहतुकीने आष्टी–आलापल्ली रस्त्याची झालेली चाळण हा लोकांच्या आंदोलनांचा विषय झाला, कारण त्याच रस्त्यावरून भाजीवाला, एसटी आणि रुग्णवाहिकाही जातात.

म्हणून 'सुविधा नाहीत, म्हणून धंदे नाहीत' हे विधान मला अर्धवट वाटतं. वाईट रस्ता धंद्यांना चाळण लावतो. ज्याच्याकडे भांडवल आहे तो पलीकडे जातो. किराणा दुकान, बचतगट, ग्रामसभा मागे अडकतात. जिल्ह्याच्या उत्पादनाचा आकडा वाढलेला दिसेल आणि त्यात हे अडकलेले लोक दिसणारच नाहीत.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

"गडचिरोलीच्या विकासातील पायाभूत सुविधांची भूमिका" असं शीर्षक देऊ नका. त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी विचारा: पूल झाल्यावर ग्रामसभेच्या तेंदू लिलावाला येणाऱ्या ठेकेदारांची संख्या बदलली का? पावसाळ्यात मिठाचा आणि तेलाचा भाव तालुक्याच्या गावापेक्षा किती जास्त असतो? दुकानदार वर्षातून किती वेळा माल भरतो? लिलावाची कागदपत्रं ग्रामसभेकडे असतात, भाव दुकानात विचारता येतात, माल किती वेळा भरला ते वहीत दिसतं. ती वही बघायला मिळावी इतका विश्वास मिळवायला वेळ लागतो. तो वेळ आराखड्यात आधीच धरा, आणि जायचं कधी हे ठरवताना पावसाळा टाळू नका. तुमचा प्रश्न ज्या महिन्यांबद्दल आहे, ते महिने तेच आहेत.