हौदाच्या गिलाव्याचे मोजमाप

शेतावर पाण्याचा हौद बांधताना खर्चाचा अंदाज पुष्कळदा चुकतो. हौदात पाणी किती मावेल आणि त्यास गिलावा किती लागेल, हे दोन निरनिराळे हिशेब एकच समजले जातात, हे त्याचे एक कारण होय. लांबी, रुंदी व खोली यांच्या गुणाकाराने घनफळ मिळते व त्यावरून पाणी कळते. गिलावा मात्र पृष्ठभागावर बसतो. त्यासाठी पृष्ठफळच काढावे लागते.

चौकोनी हौदाचा आकार विटेसारखा असतो. गणितात यास इष्टिकाचिती म्हणतात. तिला सहा बाजू असून समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात. उघड्या हौदास वरची बाजू नसल्याने तळ व चार भिंती अशा पाचच बाजू धराव्यात.

समजा, हौद आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १.५ मीटर खोल आहे.

तळ : ३ × २ = ६ चौरस मीटर
दोन लांब भिंती : २ × ३ × १.५ = ९ चौरस मीटर
दोन आखूड भिंती : २ × २ × १.५ = ६ चौरस मीटर
एकूण : २१ चौरस मीटर

या हौदाचे घनफळ ९ घनमीटर, म्हणजे त्यात ९,००० लिटर पाणी मावते. हाच ९ चा आकडा गिलाव्यास धरल्यास माल निम्म्याहूनही कमी येईल. एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू या प्रमाणात १२ मिलीमीटर जाडीच्या गिलाव्यास २१ चौरस मीटरसाठी ५० किलोच्या सुमारे अडीच गोण्या सिमेंट लागते. ९ चौरस मीटरसाठी जेमतेम एक. अपुऱ्या मालात काम उरकण्यासाठी थर पातळ केला अथवा वाळू वाढविली, तर हौद झिरपतो आणि ऐन उन्हाळ्यात साठविलेले पाणी वाया जाते.

गवंडी मजुरी ब्रासवर सांगत असल्यास ध्यानात ठेवावे की, वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, तर गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो. २१ चौरस मीटर म्हणजे सुमारे २२६ चौरस फूट, अर्थात सव्वादोन ब्रास.

आकाराचाही विचार करावा. ६ मीटर लांब, १ मीटर रुंद व १.५ मीटर खोल हौदातही ९,००० लिटरच पाणी मावते. परंतु त्यास २७ चौरस मीटर गिलावा लागतो. अरुंद, लांबट हौद म्हणूनच महाग पडतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माल मागविण्यापूर्वी शेतकऱ्यासमक्ष फितीने मापे घेऊन पाचही बाजूंचा हिशेब कागदावर मांडून द्यावा.