ऑपरेशन लिव्हरचं, परीक्षा हार्टची!

लिव्हर बदलायचं ठरलं की पेशंटला आधी हार्टच्या तपासण्यांना पाठवतात. ईसीजी, टू-डी इको, कधी थेट अँजिओग्राफी. धुळ्याहून नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठणाऱ्या घरच्यांना नवल वाटतं: दुखणं एकाचं, तपासणी दुसऱ्याची? कारणं मात्र एकाहून एक भारी आहेत.

‘हाई गोयी कसाले?’

सिरॉसिसच्या पेशंटला अनेकदा प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल लिहून देतात. मेडिकलवाला सांगतो, ही बीपीची गोळी. मग घरी प्रश्न येतोच: ‘‘माले हार्टना तरास नही, मंग हाई गोयी कसाले?’’ तर सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झालं की पोटातून येणारं रक्त तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या की रक्ताची उलटी होते. ही गोळी त्या शिरांमधला दाब उतरवते. जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं ते हृदयासाठी. १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. लिव्हरच्या पेशंटला त्याचा फायदा होतो, हे १९८०च्या सुमारास फ्रान्सच्या दिदिए लेब्रेक यांनी दाखवलं.

गंमत पुढेच आहे. ही गोळी नाडी मुद्दाम मंद ठेवते. त्यामुळे हार्टला पळवून पाहणाऱ्या स्ट्रेस टेस्टमध्ये नाडी हवी तेवढी चढतच नाही! पण म्हणून ती मनाने बंद करायची नाही. अचानक सोडली तर उलटते. चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी पाकिटासकट, भूलतज्ज्ञांना दाखवावी.

बीपी बरं झालं? छे!

वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या खाणाऱ्याचं बीपी सिरॉसिसमध्ये आपोआप उतरतं. घरचे खूश होतात. खरं तर रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि हार्ट जास्तीचं रक्त फेकून कशीबशी वेळ निभावत असतं. इकोवर पंपिंग ६०-६५ टक्के, झकास! पण ताण आला की वरचा जोर लावायला हार्टकडे काही शिल्लक नसतं.

ती पाच मिनिटं

सगळ्या ऑपरेशनमधला माझ्या मते सर्वांत थरारक भाग हाच. जुनं लिव्हर काढताना पोटातली महाशीर बंद केली, तर हार्टकडे परतणारं रक्त जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं. नवं लिव्हर बर्फात, खास द्रावणात आलेलं असतं. त्यातल्या प्रसिद्ध विस्कॉन्सिन द्रावणात लिटरला सुमारे १२५ मिलिमोल पोटॅशियम. आपल्या रक्तात ते साडेतीन ते पाच. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण डझनभर जळगावी केळ्यांचं पोटॅशियम! म्हणून जोडण्याआधी लिव्हर धुऊन घेतात.

तरीही क्लॅम्प सुटला की थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमने भरलेलं रक्त थेट हार्टवर येतं. ईसीजीतली टी लाट टोकदार होते, ठोके मंदावतात, बीपी कोसळतं. पहिल्या पाच मिनिटांत ते तीस टक्क्यांहून जास्त घसरलं आणि निदान मिनिटभर तसंच राहिलं, तर त्याला पोस्ट-रिपरफ्यूजन सिंड्रोम म्हणतात. भूलतज्ज्ञ कॅल्शियम आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन भरून तयारच असतात. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही. त्याच्या माऱ्यापासून हार्टला वाचवतं.

स्टेंट आणि ‘ती’ गोळी

नुकता स्टेंट बसला असेल तर पेच मोठा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवल्या तर स्टेंट तुंबण्याची भीती, चालू ठेवल्या तर रक्तस्रावाची. दुसरा पेच फुप्फुसाचा: तिथल्या धमनीतला सरासरी दाब ३५च्या वर असेल तर आधी औषधांनी उतरवतात. ५०च्या वर असताना ऑपरेशन सहसा करतच नाहीत. त्या औषधांत सिल्डेनाफिलही असतं. हो, व्हायग्रातलंच!

नंतरचं पथ्य

नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. त्याने बीपी पुन्हा चढू शकतं आणि पोटॅशियमही. बीपीसाठी डिल्टियाझेम दिलं तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. पपनस खाल्ल्यानेही वाढू शकते. तेव्हा भेटायला जाताना फणीभर केळी प्रेमाने न्यावीत, पण पेशंटच्या हातात देण्याआधी पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट काय म्हणतो ते डॉक्टरांना विचारावं.