पंधरा गुणांची पहिली पायरी

श्रीरामपूरला रेल्वेने पहिल्यांदाच येणारा माणूस हमखास गोंधळतो. जायचं असतं श्रीरामपूरला आणि स्टेशनचं नाव बेलापूर. दौंड–मनमाड मार्गावरच्या या ऊसपट्ट्यातल्या गावाचं नाव देशभर पोहोचलं ते क्रिकेटपटू झहीर खानमुळे. त्याच श्रीरामपूरमध्ये २७ मार्च १९९६ रोजी ऋतुजा भोसलेचा जन्म झाला. २०२३ मध्ये तिने आशियाई क्रीडा स्पर्धेत टेनिसचं सुवर्णपदक जिंकलं. पदकाचा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्याआधीची दहा-अकरा वर्षं मात्र फारशी कुणाच्या नजरेत आली नाहीत, आणि टेनिसपटू घडतो तो याच वर्षांत.

क्रिकेटमध्ये जिल्हा, राज्य, रणजी आणि मग भारतीय संघ असा रस्ता आपल्याला पाठ असतो. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संघटना करते. टेनिसमध्ये असा संघ पाठीशी नसतो. इथे खेळाडू एकटा असतो आणि त्याची सगळी पत एका क्रमांकावर, म्हणजे रँकिंगवर ठरते.

हा क्रमांक मिळवायची सुरुवात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या छोट्या स्पर्धांतून होते. महिलांमध्ये या स्पर्धांच्या श्रेणी आज डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१०० अशा आहेत. २०२४ पासून या आकड्याचा अर्थ सरळ झाला आहे. डब्ल्यू१५ जिंकली की १५ गुण, डब्ल्यू३५ जिंकली की ३५. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या खेळाडूला २००० गुण मिळतात. खालची पायरी आणि वरचा मजला यांच्यातलं अंतर इतकं आहे.

शिवाय मिळालेले गुण कायमचे नसतात. ५२ आठवडे झाले की ते गळून पडतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात स्पर्धा जिंकली, त्याच सुमारास यंदाही काही कमावलं नाही, तर क्रमांक घसरतो. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यातल्या १०४ जणींना रँकिंगवर थेट प्रवेश मिळतो, ८ जणींना वाइल्डकार्ड, म्हणजे आयोजकांनी दिलेला खास प्रवेश, आणि उरलेल्या १६ जागा पात्रता फेरीतून भरल्या जातात. त्या पात्रता फेरीचं दार उघडायलाही साधारण अडीचशेच्या आत यावं लागतं.

या पायऱ्यांवर खर्च आधी येतो आणि कमाई मागाहून. खेळाडूला प्रशिक्षक दरवेळी सोबत नेणं परवडत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, सरावासाठी जोडीदार शोधणं, तुटलेल्या तारा बदलून रॅकेटचं गटिंग करून घेणं, सगळं तिचं तिलाच पाहावं लागतं. पहिल्याच फेरीत हरली, तर हाती पडणाऱ्या रकमेतून विमानभाडंही सुटत नाही.

ऋतुजाचे वडील पोलीस खात्यात. ती खेळाडू म्हणून वाढली पुण्यात. महाराष्ट्रात त्या वेळी लहान मुलामुलींसाठी स्पर्धांची साखळी बऱ्यापैकी बसली होती आणि बालेवाडीसारखं क्रीडासंकुल हाताशी होतं. ज्युनिअर गटात तिने आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून जगातल्या पहिल्या शंभरांत जागा मिळवली. फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेसाठी भारतीय संघाची जर्सीही तिला किशोरवयातच मिळाली.

मग अठराव्या वर्षी तो प्रश्न आला, जो जगातल्या प्रत्येक ज्युनिअर टेनिसपटूपुढे येतो. लगेच व्यावसायिक व्हायचं, की शिकायचं?

पहिल्या वाटेवरचं आजचं ठळक उदाहरण रशियाची मिरा आंद्रेयेवा. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कमध्ये २००७ साली जन्मलेल्या या मुलीने एप्रिल २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कियासो आणि बेलिंझोना इथल्या आयटीएफ स्पर्धा जिंकल्या. पाठोपाठ वाइल्डकार्डवर ती माद्रिदच्या मोठ्या स्पर्धेत उतरली, तीन सामने जिंकली आणि स्पर्धा चालू असतानाच सोळा वर्षांची झाली. २०२४ मध्ये फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आणि २०२५ मध्ये दुबई व इंडियन वेल्सची विजेतेपदं. एवढा वेग जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मुलींना साधतो.

ऋतुजाने दुसरी वाट धरली. ती अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि २०१७ पर्यंत तिथल्या संघातून खेळली. अशा विद्यापीठांत गुणी खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते. प्रशिक्षक, व्यायामशाळा, फिजिओ, सामन्यांचा प्रवास, सगळं विद्यापीठ पाहतं. एरवी एकटं खेळणाऱ्या मुलीच्या प्रत्येक सामन्याला तिथे शेजारच्या कोर्टवरून मैत्रिणींचा आरडाओरडा असतो, कारण तिच्या गुणावर संघाचा निकाल ठरतो. दुहेरी तर प्रत्येक लढतीत खेळावीच लागते. नेटजवळची व्हॉली, जोडीदाराला सर्व्हिसआधी हाताने केलेली खूण, मधून आलेला चेंडू कुणी घ्यायचा याची समज, हे सगळं तिथे अंगवळणी पडतं.

कॉलेजला गेलेली मुलगी व्यावसायिक टेनिसला मुकते, असा आपल्याकडे समज आहे. रशियाचीच डायना श्नायडर हा त्यावरचा उतारा आहे. २००४ मध्ये जन्मलेली ही डावखुरी मुलगी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाकडून खेळत होती. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून आत आली आणि दुसऱ्या फेरीत मारिया सक्कारीला तिने तीन सेटपर्यंत झुंजवलं. तरीही ती परत गेली, विद्यापीठाचा मोसम पूर्ण केला आणि मगच व्यावसायिक झाली. २०२४ या एका वर्षात तिने हार्ड, क्ले आणि ग्रास अशा तिन्ही प्रकारच्या कोर्टवर विजेतेपदं मिळवली.

ऋतुजा परतली ती मात्र थेट आयटीएफच्या पायऱ्यांवर. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या भारतीय चमूत ती होती. मार्च २०२० मध्ये दुबईत फेड कपची आशिया-ओशनिया गटाची स्पर्धा झाली. पहिल्याच दिवशी चीनने भारताला ३–० असं हरवलं. त्यानंतर भारतीय मुलींनी उझबेकिस्तान, कोरिया, चायनीज तैपेई आणि इंडोनेशिया यांना ओळीने नमवलं. शेवटच्या लढतीत ऋतुजा आपला एकेरी सामना तीन सेटमध्ये हरली. संघातल्या अंकिता रैनाने बरोबरी साधली आणि सानिया मिर्झा–अंकिता जोडीने दुहेरी जिंकली. भारत पहिल्यांदाच जागतिक प्ले-ऑफमध्ये पोहोचला.

संघात मान होता, पण एकेरीचं रँकिंग हवं तसं चढत नव्हतं. पंचविशी ओलांडल्यावर खेळ सोडावा का, हा विचार तिच्याही मनात येऊन गेला. तिचा पती स्वप्नील गुगळे याने तिला थोपवलं. तो स्वतः क्रिकेटपटू. २०१६ मध्ये दिल्लीविरुद्धच्या रणजी सामन्यात त्याने नाबाद ३५१ धावा केल्या आणि अंकित बावणेबरोबर ५९४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. मैदानावर तग धरणं म्हणजे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

३० सप्टेंबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ. मिश्र दुहेरीची अंतिम लढत. ऋतुजाच्या बाजूला ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा, समोर चायनीज तैपेईची लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला सेट २–६ असा गेला. मिश्र दुहेरीत समोरची जोडी सहसा महिला खेळाडूलाच लक्ष्य करते. सगळे वेगवान चेंडू तिच्याकडेच येतात आणि एका सैल परतीच्या फटक्याची किंमत जोडीदारालाही मोजावी लागते. दुसरा सेट भारताने ६–३ असा घेतला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक झाला. त्यात पहिली सर्व्हिस एका गुणाची, मग दोन-दोन गुणांची, दर सहा गुणांनी बाजूबदल. चौदा गुणांत निकाल लागला, १०–४. २००६ मध्ये दोहाला आणि २०१४ मध्ये इंचिऑनला भारताने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. हे तिसरं.

पुण्यात सत्कार झाले, अहमदनगर जिल्ह्याच्या लेकीचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं. पण आशियाई स्पर्धेतल्या विजयाला रँकिंगचे गुण नसतात. पुढच्या सोमवारी जाहीर झालेल्या यादीत त्या सुवर्णपदकाचा एकही गुण तिच्या नावापुढे नव्हता. राष्ट्रगीत वाजलेल्या कोर्टवरून ऋतुजाला पुन्हा आयटीएफच्या छोट्या स्पर्धांकडेच वळायचं होतं.