कपाटातील फाईल आणि नवी पिढी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली तेव्हा घर बांधणे म्हणजे दगड, माती, लाकूड आणि गवंडी यांच्याशी झुंज होती. आज ती झुंज प्रामुख्याने कागदांशी आणि आकड्यांशी आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा व्यवहार; पण त्याचे कागद ज्या फाईलमध्ये जपलेले असतात, ती घरातील मुलांनी क्वचितच उघडलेली असते. त्यांचा तिच्याशी पहिला संबंध येतो तो बहुधा थेट सही करण्याच्या दिवशी.

केवळ एक सही?

बँकेच्या गृहकर्ज विभागात वरचेवर दिसणारे एक चित्र पाहा. वडिलांच्या निवृत्तीला सहा-सात वर्षे उरली आहेत आणि मुलगी नुकतीच नोकरीस लागली आहे. वडिलांच्या एकट्याच्या उत्पन्नावर हवे तेवढे कर्ज मिळत नाही, म्हणून मुलीला सहकर्जदार केले जाते. ‘तुझी फक्त सही हवी’ असे तिला सांगण्यात येते. परंतु सहकर्जदाराची जबाबदारी निम्मी नसते. हप्ते थकल्यास संपूर्ण रकमेची मागणी तिच्याकडेही होऊ शकते. थकबाकीची नोंद तिच्या पतइतिहासात होते आणि पुढे तिला स्वतःसाठी कर्ज हवे असेल तेव्हा हे कर्जही विचारात घेतले जाते. जामीनदाराचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. करारात अन्यथा ठरले नसेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार त्याचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानी येत नाही. सहकर्जदार असणे म्हणजे सहमालक असणे नव्हे. मालकी ठरते ती खरेदीच्या दस्तातील नावांवरून. सही करणाऱ्या मुलीने हे आधी जाणून घेतले, तर त्यात वडिलांविषयीचा अविश्वास नाही. उलट दोघांच्याही हिताची ती काळजी आहे.

हप्त्यामागील हिशेब

समजा, पन्नास लाख रुपयांचे घर घ्यावयाचे आहे. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. म्हणजे चाळीस लाखांचे कर्ज आणि दहा लाख पदरचे. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च निराळा. वार्षिक साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल कमी होते ते केवळ ६,३८० रुपयांनी. दर कायम राहिला असे धरल्यास वीस वर्षांत एकूण व्याज सुमारे ४३ लाख ३१ हजार रुपये होते. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे ३९,३९० रुपये होतो. दरमहा ४,७०० रुपयांहून कमी जादा रक्कम भरून व्याजात सुमारे १२ लाख ४० हजार रुपये वाचतात. शाळेत शिकलेले चक्रवाढ व्याज येथे प्रथमच जिवंत होते.

‘चौपट’ शब्दाची मोहिनी

‘वीस वर्षांपूर्वी पंचवीस लाखांना घेतले, आज कोटीला जाईल,’ हे वाक्य कौटुंबिक समारंभांत हमखास ऐकू येते. ऐकणाऱ्या तरुणाला वाटते, याहून मोठी गुंतवणूक कोणती? पण वीस वर्षांत चौपट म्हणजे वार्षिक सुमारे ७.२ टक्के वाढ. त्यातून कर्जाचे व्याज, मालमत्ता कर, देखभाल आणि दुरुस्ती वजा करावी. मिळालेले किंवा वाचलेले भाडे त्यात मिळवावे. पन्नास लाखांचे घर दरमहा साडेबारा हजार रुपयांना भाड्याने गेले, तर खर्चापूर्वीचे वार्षिक उत्पन्न तीन टक्के होते. घर घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. राहते घर निवारा आणि स्थैर्य देते. दुसरे घर मात्र गुंतवणूक म्हणूनच तोलले पाहिजे. शिवाय अडीनडीला त्याची एक खोली विकता येत नाही.

थोड्या रकमेत या क्षेत्राचा अनुभव घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजेच ‘रीट’, हा एक मार्ग आहे. त्याचे नियम ‘सेबी’ने २०१४ मध्ये केले आणि भारतातील पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाला. त्याच्या मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या वास्तूंत असावा लागतो. अर्थात युनिटचा भाव खालीही येऊ शकतो, हे विसरून चालणार नाही.

पाठ्यपुस्तक घरातच

या शिक्षणासाठी वेगळ्या वर्गाची गरज नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालविता येईल असे बचत खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. तेथून आरंभ करावा. पुढे महाविद्यालयीन मुलांसमोर कर्जाचे वार्षिक विवरणपत्र ठेवून मुद्दल आणि व्याज वेगळे करावयास सांगावे. नोकरी लागण्यापूर्वी एखाद्या रविवारी ती फाईलच उघडावी. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा यांतील प्रत्येक कागद काय सिद्ध करतो, ते समजावून सांगावे. नव्या प्रकल्पाची जाहिरात हाती आली, तर ‘रेरा’ नोंदणी क्रमांक मुलांनाच शोधू द्यावा. २०१६ च्या या कायद्यानुसार नोंदणीकृत विक्री करारापूर्वी विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच सांगावे लागते. हे ठाऊक असलेला तरुण नमुना सदनिकेच्या सजावटीने सहजासहजी भुलणार नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितले. पण अंथरूण मोजावे कसे, हे सांगावयाचे बहुधा राहून गेले. वारसा म्हणून मुलांना घर देताना त्याची फाईल वाचण्याची दृष्टीही दिली, तर सहीचा दिवस येईल तेव्हा त्यांचा हात थोडा थांबेल, मजकूर वाचेल आणि मगच निश्चिंतपणे पुढे सरकेल.